पट्ट्यांची पोच

यज्ञेश्वर भानूंच्या घरात देव आणि पोचांची फाईल एकाच कपाटात होती. वरच्या कप्प्यात देव, खालच्या कप्प्यात फाईल. देवांवरची धूळ मंदाकिनीबाई पुसत, फाईलवरची यज्ञेश्वर स्वतः पुसत, आणि दोहोंपैकी नवसाला जास्त कोण पावतं यावर त्या घरात उघड चर्चा होत नसे.

ज्यांच्यावर कधी अर्ज करायची वेळच आली नाही अशा पुण्यवंतांसाठी पोच म्हणजे काय ते सांगायला हवं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर ‘मिळाला’ असा शिक्का, तारीख आणि कारकुनाची सही घ्यायची. ती पोच. अर्जाचं पुढे काय होईल ते अर्जाच्या नशिबावर. पोच मात्र आपली. यज्ञेश्वरांचा माणसांवर विश्वास होता, पण पोच घेतल्यानंतर.

नोकरीत ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी मंडईतले आणि मार्केट यार्डातले तराजू तपासले. वजन पाच ग्रॅमनी हलकं निघालं की जप्त. मग समोरचा हात जोडो, चहा मागवो, नाहीतर कुणाच्या मेव्हण्याचं नाव घेवो. ते येताना दिसले की मंडईतल्या बायका पारड्याखाली चिकटवलेली चिंच आधी काढायच्या आणि मग ‘या साहेब’ म्हणायच्या. “खोट्या वजनावर मी आयुष्यात शिक्का मारला नाही,” हे वाक्य ते निवृत्तीच्या समारंभात बोलले, आणि त्यानंतर रोज एकदा तरी बोलले. मंदाकिनीबाई म्हणत, “ठाऊक आहे. चहात साखर किती, तेवढं सांगा.”

मंडईच्या मागच्या अंगाला त्यांची सुमुख सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खालचा रस्ता आणि पलीकडचा बसथांबा सरळ दिसे. तीन वर्षांपूर्वी त्या रस्त्याचं नव्यानं डांबरीकरण झालं. रस्ता काळाकुळकुळीत, गुळगुळीत झाला आणि पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे डांबराखाली गेले ते गेले. पट्टे परत मारावेत म्हणून यज्ञेश्वरांनी क्षेत्रीय कार्यालयाला चौदा अर्ज केले. पहिला अर्ज विनम्र होता. चौथ्याला नकाशा जोडला होता. चौदाव्यात त्यांनी लिहिलं की पट्टे अदृश्य रंगाने मारले असल्यास तो रंग दिसेल असा चष्मा कार्यालयाने नागरिकांना पुरवावा. चौदाही वेळा एकच उत्तर आलं: आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. संबंधित विभाग कुठे राहतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

या रस्त्यावरून रोज सकाळी द्वारकाबाई येत. हिंगोलीकडच्या. नवरा नागोराव मार्केट यार्डात हमाल, राहायला मांजरीत एका खोलीत. सुमुखमधल्या तीन घरांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, भानूंचं घर सकाळी पहिलं आणि संध्याकाळी शेवटचं. त्यांच्या पोळीला पदर किती सुटतात यावर तिन्ही घरांत एकमत होतं, आणि सुमुखमध्ये एकमत व्हावं अशी ती एकच गोष्ट होती. बसमधून उतरून त्या रस्ता ओलांडत तो त्यांच्या पद्धतीनं. गाड्यांकडे बघायचं, एक हात वर करायचा आणि निघायचं. वरून यज्ञेश्वर बघत आणि घरात आल्यावर ओरडत. “कुठूनही घुसता. उद्या कुणी उडवलं म्हणजे?” द्वारकाबाई म्हणत, “आजवर नाही उडवलं काका,” आणि कणीक मळायला घेत.

मार्चअखेरीला एक दिवस कनिष्ठ अभियंता अभिनव साबळे स्वतः भानूंच्या घरी आला. अर्जदाराच्या घरी अभियंता! यज्ञेश्वरांनी आधी त्याचं ओळखपत्र पाहिलं, मग त्याला बसायला सांगितलं.

“काका, सिस्टिममध्ये आमच्या कार्यालयाची एकच कम्प्लेंट ओपन राहिलीय. तुमची,” अभिनव म्हणाला. “ती क्लोज झाली की आम्ही शंभर टक्के निवारणवाले. रंगाचे डबे आलेत. आज रात्री माणसं लावतो, सकाळी पट्टे. तुम्ही फक्त इथे सही करा.”

“मग सही सकाळी करतो.”

“सकाळी सिस्टिम बंद होईल काका, वर्ष संपतंय. आणि सत्कार आज संध्याकाळी आहे.”

“कुणाचा?”

“तुमचा. दक्ष नागरिक म्हणून. वर्षभरात एकालाच देतो आम्ही.”

यज्ञेश्वरांनी कागद वाचला. ‘माझ्या तक्रारीचे पूर्ण निवारण झाले असून रस्त्यावर पट्टे मारण्यात आले आहेत. मी समाधानी आहे.’ त्यांनी तो पुन्हा वाचला. खोटं आहे हे त्यांना चष्म्याशिवायही दिसत होतं. पण खोटं म्हणजे तरी किती? बारा तासांचं. उद्या सकाळी हाच कागद खरा होणार होता. आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाला त्यांच्या खांद्यावर शाल घालावीशी वाटली नव्हती. निवृत्तीच्या वेळी खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, आणि ते रोज चार मिनिटं मागे पडे.

त्यांनी सही केली. अभिनवनं न मागता त्यांना पोचही दिली.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल टोचणारी होती, नारळ लहान होता, पण मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये होतं. प्रमुख पाहुण्यांनी यज्ञेश्वरांना ‘या शहराची सदसद्विवेकबुद्धी’ म्हटलं आणि त्यानंतर लगेच पाणीपुरवठ्यावर बोलायला सुरुवात केली. यज्ञेश्वर शाल पांघरूनच घरी आले, आणि तसेच स्वयंपाकघरात गेले. द्वारकाबाई शेवटच्या पोळ्या लाटत होत्या.

“द्वारकाबाई, उद्यापासून पट्टे.”

“आले का काका?”

“आले म्हणूनच समजा. आता त्यांच्यावरूनच यायचं. अधेमधे कुठून घुसायचं नाही. पट्ट्यांवर माणूस असला की गाडीनं थांबायचं, असा कायदा आहे.”

“बरं काका,” द्वारकाबाई म्हणाल्या. काकांच्या अंगावर शाल होती, गळ्यात हार होता. अशा वेषातला माणूस चुकीचं कशाला सांगेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी यज्ञेश्वर चहाचा कप घेऊन गॅलरीत आले. पट्टे पाहायला. रस्ता काळाच होता. येतील दुपारपर्यंत, असं ते मनात म्हणताहेत तोच द्वारकाबाई बसमधून उतरल्या. आज त्यांनी हात वर केला नाही. चार पावलं रस्त्यात आल्या आणि थांबल्या. खाली बघत त्या दोन पावलं डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे. यज्ञेश्वरांना वाटलं, काहीतरी पडलं असावं. तेवढ्यात वळणावरून एक पांढरी गाडी आली. ती चालवणाऱ्या आमोद नावाच्या तरुणाच्या एका हातात चाक होतं आणि दुसऱ्या हातात फोन, आणि खराडीतल्या ऑफिसची सव्वाआठची मीटिंग त्यानं गाडीतूनच सुरू केली होती.

द्वारकाबाईंचं उजवं मनगट गेलं, कमरेचं हाड मोडलं. आमोदनं स्वतः उचलून त्यांना दवाखान्यात नेलं, रडला, नागोरावांचे पाय धरले. मग विमा कंपनीचा फोन आला आणि तेव्हापासून तो कुणाशी काही बोलेनासा झाला.

सुमुखच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपघातानंतर बारा मिनिटांनी पहिला संदेश आला: ‘द्वारकाबाईंसाठी प्रार्थना.’ चौदाव्या मिनिटाला दुसरा: ‘पोळ्यांसाठी चांगली बाई कुणाच्या ओळखीत आहे का? अर्जंट.’ दुसऱ्या संदेशाला उत्तरं जास्त आली.

पट्टे दुपारी आले नाहीत. आठवड्यानंही आले नाहीत. यज्ञेश्वरांनी अभिनवला फोन लावला.

“काका, सिस्टिममध्ये पट्टे मारलेले आहेत. मारलेले परत कसे मारणार? नवीन कम्प्लेंट टाका ना, पट्टे पुसले गेले म्हणून.”

“पण ते मारलेच नव्हते.”

“असं लिहून देताय का?” अभिनवनं अगदी आदरानं विचारलं.

यज्ञेश्वरांनी फोन ठेवला. पंधरावा अर्ज करायला त्यांनी तीनदा कागद पुढे ओढला आणि तीनदा बाजूला सारला. चौदा अर्ज ज्याच्यामुळे वाया गेले असा माणूस त्यांना आजवर सापडत नव्हता; आता सापडला होता, आणि रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसत होता. मानपत्र हॉलमध्ये लागलं होतं. मंदाकिनीबाईंनी ते एकदा वाचलं, एकदा गॅलरीतून खाली रस्त्याकडे पाहिलं, आणि पोळ्या लाटायला गेल्या. त्यांच्या पोळ्या जाड होत. त्या काळात आणखी जाड झाल्या.

द्वारकाबाईंचा दावा अपघात न्यायाधिकरणात दाखल झाला. त्यांची वकील तनुजा वाघचौरे ही तिशीची, हुशार आणि सतत घाईत असलेली मुलगी होती. ती भानूंकडे आली आणि नेमकी मानपत्राच्या खालच्या खुर्चीत बसली.

“गाडी कशी आली हे पाहणारे तुम्ही एकटेच आहात, काका. विमा कंपनी म्हणणार, चूक बाईंची पण होती. तसं ठरलं तर भरपाई निम्म्यावर येईल.”

यज्ञेश्वरांनी शपथपत्राचा मसुदा घेतला आणि दोन दिवस बसून सुधारला. वळणापासून अंतर मीटरमध्ये घातलं. गाडीच्या चाकांच्या खुणा किती लांब होत्या ते घातलं. थांब्यापासून फुटपाथ, फुटपाथपासून गॅलरी, सगळं टेप लावून मोजलं होतं. पट्ट्यांचा उल्लेख तेवढा राहिला. चौतीस वर्षांत काही मोजायचं राहून गेलं असं पहिल्यांदाच झालं.

“तुमच्याविरुद्ध जाईल असं काही लेखी आहे का कुठे?” निघताना तनुजानं विचारलं. सगळ्याच साक्षीदारांना ती हे विचारत असे.

“माझ्याविरुद्ध?” यज्ञेश्वर हसले. हसणं जरा लांबलं.

दोन वर्षांनी शिवाजीनगरच्या कोर्टात सुनावणीला तारीख लागली, आणि आश्चर्य म्हणजे त्या तारखेला सुनावणी झालीसुद्धा. आधी द्वारकाबाईंची उलटतपासणी. दुसऱ्या साक्षीदारानं आत बसायचं नसतं म्हणून यज्ञेश्वर बाहेर, दाराशेजारच्या बाकावर बसले. दाराला नुसता पडदा होता. आतलं अक्षरन् अक्षर ऐकू येत होतं.

विमा कंपनीचे वकील हिंदुराव जगदाळे मोठ्या गोड आवाजाचे होते. हा आवाज ऐकला की लोक आपलं घरदार विसरून ‘हो’ म्हणतात, अशी त्यांची ख्याती होती.

“बाई, तुम्ही भर रस्त्यात थांबला होता?”

“व्हय.”

“का बरं? फोन आला होता? कुणी ओळखीचं दिसलं?”

“पट्टे हुडकत व्हते,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“कसले पट्टे?”

“पांढरे. रस्ता वलांडायचे. ते कुठंच दिसंनात. म्हणून थांबले.”

बाहेर बाकावर यज्ञेश्वरांनी काठीची मूठ घट्ट धरली. दोन वर्षं ते स्वतःला सांगत आले होते की काहीतरी पडलं असावं. रुमाल, बसचं तिकीट, सुट्टे पैसे. पडलं काहीच नव्हतं.

“पट्टे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?” हिंदुरावांनी विचारलं.

यज्ञेश्वर आपल्या नावाची वाट बघत बसले.

“लोक म्हणत व्हते,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“लोक बरोबर म्हणत होते,” हिंदुरावांचा आवाज आणखी गोड झाला. “पट्टे होतेच. तुम्ही ते सोडून भलतीकडून आलात आणि मध्ये थांबलात. माननीय न्यायालयानं हा कागद पाहावा. माहितीच्या अधिकारात मिळवलाय. अपघाताच्या आदल्याच दिवशी एका जबाबदार नागरिकानं सही करून दिलंय की पट्टे मारण्यात आले आहेत. आणि हे नागरिक दुसरे तिसरे कुणी नाहीत. अर्जदाराचेच पुढचे साक्षीदार आहेत.”

माहितीचा अधिकार! सुमुखमधल्या निम्म्या लोकांना तो कायदा यज्ञेश्वरांनीच शिकवला होता. पोलिसांच्या पंचनाम्यात पट्ट्यांबद्दल काहीच नव्हतं. आहेत असं नाही, नाहीत असंही नाही. एवढ्या मोठ्या शहरात ते पट्टे फक्त एकाच ठिकाणी होते, यज्ञेश्वरांच्या सहीच्या वर.

जेवणाच्या सुट्टीत तनुजा पडदा बाजूला सारून बाहेर आली. तिनं ओरडायला तोंड उघडलं, यज्ञेश्वरांचा चेहरा पाहिला आणि ते मिटलं. “अडीचला तुमची साक्ष आहे,” ती एवढंच म्हणाली. “काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. शिकवलं तर तेही खोटंच होईल.” आणि फोनवर बोलत निघून गेली.

आवारातल्या झाडाखाली मंदाकिनीबाईंनी दिलेला डबा उघडला गेला. यज्ञेश्वर, द्वारकाबाई आणि नागोराव. द्वारकाबाईंचं मनगट आता वळत नव्हतं; त्या डाव्या हातानं जेवत होत्या आणि त्याची त्यांना अजून लाज वाटत होती. पोळीचा तुकडा त्यांनी बोटांत धरून पाहिला. एवढी जाड पोळी त्यांच्या हातून कधी झाली नसती.

“काका,” द्वारकाबाई हळू म्हणाल्या, “तुमी पट्टे व्हते म्हणा. कागद खोटा पडला तर तुमचं नाव जातंय. मला निम्मे मिळाले तरी लई झाले.”

“निम्म्यात काय व्हतंय?” नागोराव खाली बघत म्हणाले. “हात निम्मा गेलाय का तुझा? पुरा गेलाय.” मग त्यांनी यज्ञेश्वरांकडे पाहिलं. “मी काय बोलनार साहेब. तुमी शिकलेले.”

यज्ञेश्वरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. “लोक म्हणत होते, असं का सांगितलंत?”

“मंग काय कोर्टात तुमचं नाव घेऊ?” द्वारकाबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. “तुमी कधी खोटं बोलत नाही. मला वाटलं, पट्टे आसतीलच, मलाच दिसंना गेलेत. दवाखान्यात पडल्या पडल्या लई दिवस इचार करत व्हते, हात बरा झाला की डोळे तपासून घ्यावेत.”

यज्ञेश्वरांना रडू आलं. सत्तरीच्या माणसाला कोर्टाच्या आवारात रडू येणं ही काही शोभेची गोष्ट नाही, म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं, आणि ते काही केल्या लागेना. शेवटी नागोरावांनी लावलं.

अडीच वाजता त्यांनी शपथ घेतली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन. हे शब्द इतके गुळगुळीत झालेले असतात की जिभेवरून घसरतात. यज्ञेश्वरांच्या जिभेवर ते आज अडखळले.

हिंदुराव खुशीत होते. “साहेब, आपण वजनमापे निरीक्षक होतात. खोट्या वजनावर आयुष्यात शिक्का मारला नाही, असं आपण नेहमी म्हणता. बरोबर?”

“म्हणत होतो.”

“ही सही आपलीच?”

“माझीच.”

“मजकूर वाचून केलीत?”

“दोनदा वाचून.”

“म्हणजे पट्टे होते.”

पुणेरी माणसाला अशा वेळी पळवाटा सुचत नाहीत असं कुणी समजू नये. यज्ञेश्वरांना एका क्षणात चार सुचल्या. पट्टे मंजूर होते. पट्टे कागदोपत्री होते. रंग फिका असावा. वयोमानानं नक्की आठवत नाही. चारही अशा की कुठलीही धरली तर नाव राहील, शाल राहील, फ्रेम राहील. समोरच्या बाकावर द्वारकाबाई डाव्या हातानं पदर सावरत बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती ती काकांची.

“नव्हते,” यज्ञेश्वर म्हणाले.

“मग ही सही?”

“सही खरी आहे. मजकूर खोटा आहे. मला माहीत असताना मी त्यावर सही केली.”

हिंदुरावांचा गोड आवाज जरा फाटला. “असं का केलंत बरं?”

“शाल मिळणार होती.”

मागे कुणीतरी फसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि यज्ञेश्वरांकडे नीट पाहिलं.

“आणखी एक,” यज्ञेश्वर म्हणाले. “पट्टे आहेत असं लोक म्हणत होते, असं बाईंनी सांगितलं आहे. ते लोक म्हणजे मी. आदल्या संध्याकाळी मीच त्यांना पट्ट्यांवरूनच यायचं असं बजावलं होतं. नाहीतर त्या रस्त्यात थांबल्याच नसत्या. एवढं कृपया नोंदवून घ्यावं.”

टंकलेखकानं नोंदवून घेतलं. यज्ञेश्वरांनी ते वाचून दाखवायला सांगितलं, आणि एक प्रत कधी मिळेल असं विचारलं. सवय इतक्या लवकर जात नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. भरपाई पूर्ण, एक रुपयाही कापला नाही. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याची चूक पूर्ण, बाईंची चूक शून्य. निकालपत्राच्या अकराव्या पानावर साक्षीदार क्रमांक दोनबद्दल एक परिच्छेद होता: ‘खोट्या कागदावर जाणूनबुजून सही करणारा हा साक्षीदार एरवी विश्वासार्ह मानता आला नसता. परंतु त्याने स्वतःच्या अप्रतिष्ठेची पर्वा न करता ते कबूल केले असल्याने त्याच्या या विधानावर विश्वास ठेवणे भाग आहे.’ चौतीस वर्षं खरं वागून जे प्रमाणपत्र मिळालं नाही ते एका खोट्यानं मिळालं, तेही कोर्टाच्या शिक्क्यासह. मंदाकिनीबाईंनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, “आता हे लावा हॉलमध्ये.” यज्ञेश्वरांनी ते लावलं नाही.

सुमुखमध्ये मात्र चर्चा झाली. भानूंनी असं करायला नको होतं, म्हणजे सही करायला नको होती, आणि केली तर मग सांगायला नको होतं, असं बहुमत पडलं. कुणीतरी म्हणालं, दिव्याखाली अंधार. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी जिन्यात भेटल्यावर नजर चुकवली, आणि तीन दिवसांनी गुपचूप विचारलं, तसला एक कागद आपणही दिला आहे पाण्याच्या तक्रारीबाबत, तो परत घेता येतो का?

काही महिन्यांनी यज्ञेश्वर मानपत्र परत करायला क्षेत्रीय कार्यालयात गेले. अभिनवची बदली झाली होती, बढतीवर. आवक विभागातल्या बाईंनी फ्रेम उलटीपालटी करून पाहिली. “अर्ज असेल तर घेते. सत्कार परत घ्यायची तरतूद नाही.” यज्ञेश्वरांनी फ्रेम त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ते वळले. बाईच मागून म्हणाल्या, “अहो, पोच?”

“नको,” ते म्हणाले, आणि जिना उतरले. मात्र उतरण्याआधी पंधरावा अर्ज दिला होता, निकालपत्राचं अकरावं पान जोडून, आणि त्याची पोच घेतली होती.

कोर्टाचं पान जोडलेलं असल्यामुळे संबंधित विभाग नवव्या दिवशी सापडला. सकाळी रंगाची गाडी आली, दोन माणसं दोरी लावून बसली आणि दहापर्यंत पट्टे मारून निघूनही गेली. यज्ञेश्वर गॅलरीत उभे होते. पांढरेशुभ्र सात पट्टे. त्यांना आनंद व्हायला हवा होता.

साडेदहाला पलीकडच्या थांब्यावर बस थांबली आणि द्वारकाबाई उतरल्या. त्या आता पोळ्या लाटत नव्हत्या. मिळालेल्या पैशांतून त्यांनी मांजरीत दोन बायका हाताशी घेऊन खानावळ काढली होती. त्या दोघी लाटत आणि द्वारकाबाई शेजारी बसून पदर सुटतात की नाही ते बघत. मंडईत भाजीला आल्या की भानूंकडे डबा द्यायचा, हा त्यांचा नेम होता. मंदाकिनीबाईंना त्या पोळ्यांचा इतका आनंद होई की त्या दिवशी त्या नवऱ्याला टोमणाही मारत नसत.

द्वारकाबाई फुटपाथच्या कडेला आल्या. पायापासून वीतभर अंतरावर पहिला पट्टा सुरू होत होता, ऊन पडून चमकत होता. आंधळ्यालाही दिसला असता. त्या तिथेच थांबल्या, मान वर केली आणि दुसऱ्या मजल्याकडे बघत त्यांनी हाक मारली.

“काका, पट्टे हायत का?”

चेष्टा होती का? चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं. डबा डाव्या काखेत धरून त्या नुसत्या वाट बघत उभ्या होत्या.

यज्ञेश्वरांनी गॅलरीतून उत्तर दिलं नाही. त्यांनी चपला घातल्या, दोन जिने उतरले, दोन्ही बाजूंना बघत रस्त्यात आले. एक रिक्षावाला करकचून थांबला आणि काहीतरी बोलला. यज्ञेश्वर गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पहिल्या पट्ट्यावर त्यांनी अंगठा दाबला. वर केला तेव्हा तो पांढरा झाला होता. तो त्यांनी द्वारकाबाईंना दाखवला.

“ओले आहेत अजून,” ते म्हणाले. “पण आहेत. या.”

मग द्वारकाबाई निघाल्या.